मेगाटॉवर की रॉकेटमॅक्स: एंड्युरो फ्रेम निवडताना

गेल्या वर्षी माझ्या एंड्युरो सायकलची, म्हणजे तीव्र डोंगरउतारांसाठीच्या माउंटन बाइकची, जुनी फ्रेम बदलायची ठरवली तेव्हा बाकीचं सामान हाताशी होतं. १७० मिमीचा सस्पेन्शन फोर्क, २९ इंची चाकं, चार पिस्टनचे ब्रेक, ड्रॉपर (चालवतानाच खाली-वर करता येणारी सीटची दांडी), सगळं दोन-तीन वर्षांचं आणि ठणठणीत. नवी हवी होती ती फक्त फ्रेम. चार महिने डोकं खपवल्यावर दोन नावं उरली: सांताक्रूझची कार्बनची मेगाटॉवर आणि कॉटिकची स्टीलची रॉकेटमॅक्स. तुम्हीही याच वळणावर उभे असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

मी एडिनबरात राहतो आणि चालवतो ते बहुतेक ट्वीड व्हॅलीत, इनर्लिदनच्या वरच्या जंगलात. पायथ्याशी गोल्फ कोर्स आहे म्हणून त्या जंगलाला सगळे गोल्फीच म्हणतात. तीव्र उतार, काळी भुसभुशीत माती आणि वाटेत तिरकी पसरलेली ओली मुळं. कोकणात पाऊस कोसळतो आणि उघडतो. इथला उघडतच नाही, रिपरिप चालूच राहते. सायकल वर्षातले सात-आठ महिने चिखलात असते. माझी सगळी मतं या चिखलातून आलेली आहेत. तुम्ही कोरड्या, दगडी भागात चालवत असाल तर तेवढा फरक धरून वाचा.

मेगाटॉवर आधी घेतो, कारण मन तिच्यावरच बसलं होतं. मित्राकडे २०२२ची दुसरी आवृत्ती आहे, मागे १६५ मिमी ट्रॅव्हलवाली, म्हणजे मागचं चाक सस्पेन्शनवर तेवढं वर-खाली होतं. तिच्यावर मी दोन शनिवार-रविवार काढले, त्यातला एक स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमला. गोंडोल्याने वर जायचं आणि त्या दगडांच्या राशीतून खाली यायचं. तिथे ही सायकल वेगळ्याच दर्जाची वाटली. वेग वाढेल तशी ती शांत होत जाते. माझ्या जुन्या सायकलवर पाचव्या फेरीला पंजे आखडायचे, बोटं ब्रेकच्या लिव्हरवरून उचलायला त्रास व्हायचा. मेगाटॉवरवर आठवी फेरी संपली तरी हात ताजे होते. कंपनी फ्रेमला आणि पिव्हट बेअरिंगांना (मागचा भाग जिथे हलतो त्या सांध्यांतल्या) पहिल्या मालकासाठी आजीवन हमी देते. बेअरिंग खराब झालं तर फुकट बदलून मिळतं, आणि इथल्या हवेत ही फार मोठी गोष्ट आहे. व्हीपीपी या तिच्या सस्पेन्शनची खालची लिंक बीबीजवळ, म्हणजे पेडलच्या आसाजवळ असते आणि सगळा राडा नेमका तिथेच साचतो.

आता रॉकेटमॅक्स. कॉटिक ही इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधली छोटी कंपनी. फ्रेमचा पुढचा त्रिकोण रेनॉल्ड्स ८५३ स्टीलचा आणि नव्या फ्रेमचा तो भाग स्कॉटलंडमध्येच वेल्ड होतो. ८५३ची गंमत अशी की वेल्डिंगनंतर हवेत निवताना सांध्याजवळचा भाग उलट मजबूत होतो, त्यामुळे नळ्या बारीक ठेवता येतात. ही बारीक नळी नुसती दिसायला छान नाही. गोल्फीतल्या तिरक्या मुळांवर मेगाटॉवरचं पुढचं चाक कधीकधी टणकन बाजूला उडायचं. रॉकेटमॅक्स तिथे किंचित लवते आणि चाक रेषेत राहतं. हे मी मोजलेलं नाही, पण एकाच वाटेवर, एकाच टायरने, तितक्याच हवेवर दोन्ही चालवल्या आहेत आणि फरक हाताला लागतो. दगडांच्या सरळ राशीत मात्र मेगाटॉवर सरस आहे. कागदावर मागच्या ट्रॅव्हलचा फरक पाचच मिमीचा, पण तिथे तो त्याहून बराच जास्त वाटतो.

वजनाचंही सांगायला हवं. आमचा फ्लॅट जुन्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, गोल जिना, लिफ्ट नाही. दिवसभर चालवून आल्यावर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्टीलची फ्रेम खांद्याला कळते. रोज दोन-तीन चढ पेडल मारून चढणाऱ्याला ती चढावरही कळेल.

इथपर्यंत पारडं मेगाटॉवरकडेच होतं. ते फिरलं एका होजमुळे, म्हणजे ब्रेकचं तेल वाहून नेणाऱ्या नळीमुळे.

माझ्या जुन्या फ्रेमच्या केबली हेडसेटमधून, म्हणजे हँडल जिथे वळतं तिथल्या बेअरिंगांच्या जोडातून, आत जायच्या. कंपनीचं नाव सांगत नाही, अशा फ्रेम आज बऱ्याच जण काढतात. दिसायला हँडलसमोर एकदम स्वच्छ. पण केबली जिथून आत शिरतात तिथूनच पाणीही शिरतं. पहिल्याच हिवाळ्यात हँडल वळवताना करकर सुरू झाली. स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) काढून झाकण उचललं तर वरच्या बेअरिंगमधून गंजाचं तांबडं पाणी ओघळलं. एरवी हे दहा मिनिटांचं काम: जुनं बेअरिंग काढा, नवं ठेवा. इथे मागच्या ब्रेकचा होज त्या बेअरिंगच्या मधून गेलेला. म्हणजे आधी तो लिव्हरपाशी सोडवायचा, चेपलेलं ऑलिव्ह आणि बार्ब (होज लिव्हरला जोडणारे छोटे धातूचे भाग) असलेलं टोक कापायचं, होज ओढून घ्यायचा, बेअरिंग बदलायचं, नवं बार्ब ठोकायचं, नवं ऑलिव्ह घालायचं आणि मग अख्खा ब्रेक ब्लीड करायचा, म्हणजे तेलात अडकलेली हवा काढायची. मी हे स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून केलं. तीन तास गेले.

दुसऱ्या दिवशी गोल्फीत पहिल्याच तीव्र वळणावर मागची लिव्हर थेट ग्रिपला टेकली. होजमध्ये कुठेतरी हवा राहिली होती. मी बाजूच्या झाडीत बसकण मारली, लागलं नाही. तरी उरलेली वाट सायकल हातात धरून उतरलो.

दोन हिवाळ्यांत हे तीनदा झालं. दर वेळी टोक कापायचं म्हणजे दर वेळी होज पेरभर आखूड. तिसऱ्या खेपेनंतर हँडल पूर्ण वळवलं की होज ताणला जाऊन लिव्हरपाशी पांढरा पडायला लागला. एका स्वस्त बेअरिंगपायी चांगला ब्रेक मोडीत निघायची वेळ आली. त्या संध्याकाळी मी ठरवलं की पुढच्या फ्रेममध्ये मागच्या ब्रेकचा होज डोळ्यांना दिसला पाहिजे.

मेगाटॉवरवर अन्याय नको म्हणून सांगतो, तिच्यात हा हेडसेटचा प्रकार नाही. होज फ्रेमच्या बाजूच्या तोंडातून जातो आणि आत कार्बनमध्येच नळी घडवलेली आहे. एका टोकाला ढकलला की दुसऱ्या टोकाला आपोआप निघतो, चाचपडावं लागत नाही. आतून जाणाऱ्या केबलींमध्ये इतकी नीट सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही. हेडसेटचं बेअरिंगही होजला हात न लावता बदलता येतं. पण ब्रेक बसवताना किंवा काढताना लिव्हरपाशी तो उघडावाच लागतो. जुन्या फ्रेममधून काढताना मागचा होज बदलून मी ब्रेक पुन्हा भरले, ब्लीड केले होते आणि ते चोख चालत होते. मेगाटॉवर घेतली असती तर पहिल्याच दिवशी मागचा कापावा लागला असता.

रॉकेटमॅक्सवर मी मागचा ब्रेक उचलला, कॅलिपर (चाकाजवळचा, डिस्क दाबणारा भाग) बसवला, होज डाउनट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, बाहेरून क्लिपांत दाबला. लिव्हर ते कॅलिपर एकही जोड उघडला नाही. केबल आत जाते ती फक्त ड्रॉपरची. त्यानंतरच्या हिवाळ्यात हेडसेटचं बेअरिंग बदललं ते चहा उकळेपर्यंत.

काही जणांना बाहेरून दिसणारे होज जुनाट वाटतात, आणि चिखल त्यांच्यामागे अडकतो हेही खरं. ब्रशने निघतो. तुमच्याकडे विश्वासू मेकॅनिक असेल, ब्लीडिंगचं काम तुम्ही स्वतः करत नसाल किंवा मोठ्या दगडी बाइक पार्कमध्येच जास्त जात असाल, तर मेगाटॉवर घेऊन पस्तावाल असं मला वाटत नाही. सेकंडहँड बघत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की आजीवन हमी पहिल्या मालकाची असते, म्हणजे तिचा मोठा फायदा तिथे गळून पडतो. स्वतःच्या हाताने सायकल उभी करणार असाल, पावसात चालवत असाल आणि जुने ब्रेक तसेच वापरायचे असतील, तर माझं बोट रॉकेटमॅक्सकडे जाईल.

ती घेतलीत तर जोडणीला घाई करू नका. फ्रेम नवी कोरी असतानाच, बीबी आणि हेडसेट बसवण्याआधी, नळ्यांच्या आत गंजरोधक मेणाचा स्प्रे मारा. हेड ट्यूबकडून, बीबीच्या भोकातून आणि सीट ट्यूबमधून, तिन्ही तोंडांतून. मग फ्रेम एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलती करून रात्रभर टांगून ठेवा, खाली जुनं फडकं घाला. बीबीत जमलेलं जास्तीचं मेण सकाळी पुसून काढा, नाहीतर बीबीचे कप घट्ट करताना आटे नीट बसत नाहीत.