डेबियन 13 वर तीन साउंड कार्डं : सात महिन्यांच्या वापरानंतर

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या 12 व्या आवृत्तीवरून 13 वर गेल्यावर आवाज बंद पडत नाही, भलतीकडूनच येतो. मदरबोर्डचं कार्ड, मॉनिटरचं एचडीएमआय आणि यूएसबी इंटरफेस अशी तीन कार्डं असतील तर याची तयारी ठेवाच. कोणतं कार्ड वापरायचं ते ठरवणारा प्रोग्राम म्हणजे वायरप्लंबर. 12 मध्ये त्याची 0.4 आवृत्ती होती आणि तिची सेटिंग लुआ या भाषेतल्या फायलींत लिहीत. 13 मधला 0.5 त्या फायली वापरतच नाही. डेस्कटॉपवर इशारा नाही, काही नाही. जुने नियम गप्प पडून राहतात.

नवे नियम होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग खाली, वायरप्लंबरच्या 'वायरप्लंबर.कॉन्फ.डी' फोल्डरमध्ये .कॉन्फ फाइल करून लिहायचे. एचडीएमआयचा स्पीकर कधीच लागणार नसेल तर ते कार्ड तिथेच डिसेबल करावं. उरलेल्यांत ज्याची सेशन प्रायॉरिटी (नियमात दिलेला प्राधान्याचा आकडा) जास्त, ते डीफॉल्ट. इथे बरेच जण अडकतात: साउंड सेटिंगमध्ये एकदा हाताने दुसरं कार्ड निवडलं की ती निवड साठवली जाते आणि प्रायॉरिटीला मागे टाकते. नियम बरोबर, तरी परिणाम शून्य! मग पाव्हूकंट्रोल हा आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्राम उघडून हवं ते कार्ड पुन्हा निवडायचं.

कार्डाच्या नंबरावर मात्र विसंबू नये. ड्रायव्हर ज्या क्रमाने चढतात त्या क्रमाने 0, 1, 2 मिळतात. पावसाळ्यात वीज जाऊन मशीन पुन्हा चालू झालं की कालचं 1 आज 2 असू शकतं. थेट अल्सा (लिनक्सच्या गाभ्यातली ध्वनियंत्रणा) वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना नंबराऐवजी कार्डाचं नाव द्यावं. ते 'प्रॉक/असाउंड/कार्ड्स' या फाइलीत चौकोनी कंसात दिसतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एकाच जातीचे दोन स्वस्त यूएसबी डोंगल (छोटी साउंड कार्डं) आणले तर नावही पुरत नाही. बहुतेकांना सीरियल नंबर नसतो, त्यामुळे एक 'डिव्हाइस' आणि दुसरा 'डिव्हाइस_1' होतो, आणि कोण कुठला हे दर वेळी बदलू शकतं. यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) नियम लिहून पोर्टवरून ओळख ठरवता येते, पण मग डोंगलांची पोर्ट बदलायची नाहीत. त्यापेक्षा दोन वेगळ्या जातींचे घेतलेले बरे.

दोन कार्डांवर एकच आवाज सोडता येतो, पण प्रत्येक कार्डाचं घड्याळ वेगळं आणि बफरही वेगळा. वायरप्लंबर ज्याच्यासाठी काम करतो तो पाइपवायर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज वाहून नेणारा प्रोग्राम, घड्याळांचा फरक सांभाळतो. तरी एकाच खोलीत दोन्ही स्पीकर लावले तर किंचित घुमल्यासारखं ऐकू येतं. रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) डीफॉल्ट 48000 आहे, तो बदलायची गरज पडली नाही. बफर 1024 नमुन्यांचा म्हणजे सुमारे 21 मिलिसेकंदांचा उशीर: गाणी ऐकायला ठीक, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत डबिंग करायला जास्त. 256 वर ते 5 पर्यंत येतं.

एवढं करूनही स्पीकरमधून घूं आवाज येत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. अॅम्प्लिफायर आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. अर्थिंगची पिन काढून तो आवाज घालवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर तो अजिबात करू नये.