आरटीएक्स ३०५० ६ जीबी: गणपतीपासून आंब्याच्या हंगामापर्यंतचा वापर, आणि जुन्या चिपची नवी नावं

माझं काम दशावतार, डबलबारी आणि लग्नांच्या व्हिडिओंचं. कुडाळात एका खोलीत एडिटिंग चालतं. मशीन जुनं, ऑफिससाठी बनवलेलं तयार डबडं. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कमी वॉटचा आणि ग्राफिक्स कार्डाला जोडायची वेगळी पॉवर वायरच त्याला नाही. त्यामुळे स्लॉटमधून मिळेल तेवढ्याच विजेवर चालणारं कार्ड हवं होतं. चुलतभावाने ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलं आणि गणपतीला गावी येताना सामानातून आणलं. आता आंबा उतरतोय, म्हणजे लिहिण्याइतका वापर झाला.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. बजेट कार्डात 'नवीन' म्हणून जे विकतात त्यातलं निम्मं जुनंच असतं, आणि मी घेतलेलं कार्डही या नावांच्या खेळातलंच आहे. आरटीएक्स ३०५० हे नाव पहिल्यांदा आलं जानेवारी २०२२ मध्ये: ८ जीबी मेमरी, २५६० कोअर (चिपमधले गणित करणारे भाग), १२८ बिटची मेमरी बस (चिप ते मेमरी हा रस्ता), १३० वॉट. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं आलं, त्यात २३०४ कोअर, ९६ बिट, ७० वॉट. ग्राहकाला वाटतं फरक फक्त दोन जीबीचा. प्रत्यक्षात मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबीवरून १६८ वर आलाय. तरीही मी तेच घेतलं, कारण ७० वॉट हा आकडा माझ्या मशीनला आणि इन्व्हर्टरला परवडणारा होता. काय घेतोय हे माहीत असेल तर नाव काहीही असू दे.

ही खोड आजची नाही. एनव्हिडियाची ८८०० जीटी २००७ ला आली, तीच पुढे ९८०० जीटी झाली. त्याच जी९२ चिपच्या मोठ्या भावंडाने तर ९८०० जीटीएक्स प्लस आणि मग जीटीएस २५० असं बारसं करून घेतलं. तिची स्पर्धक एएमडीनेही एचडी ७८५० ला आधी आर७ २६५ आणि नंतर आर७ ३७० केलं. यात फसवणूक आहे का? जुन्या चिपचे जुन्या चिपइतकेच पैसे घेतले तर माझी तक्रार नाही. नवा आकडा दाखवून नव्याचे पैसे घेतले की मात्र आहे.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे आकडाही तोच, खोकाही तोच आणि आतला माल वेगळा. जीटी १०३० घ्या. २०१७ ला जीडीडीआर५ मेमरीसह आली, तेव्हा वेग ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ लावलेली आली, वेग १६.८ जीबी. खोक्यावर हा फरक एका बारीक ओळीत. जीटी ७३० ची तर आणखी तऱ्हा: एका प्रकारात फर्मी या जुन्या पिढीच्या चिपचे ९६ कोअर, दुसऱ्यात त्यानंतरच्या केप्लर पिढीचे ३८४. आमच्या बाजारपेठेतला एक महा-ई-सेवा केंद्रवाला मित्र तीच जीटी ७३० दोन स्क्रीन चालवायला वापरतो आणि त्याचं बरं चाललंय. पण केप्लरचे नेहमीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) २०२१ मध्येच संपले, फर्मीचे त्याच्याही आधी. दाखले काढायला चालेल; व्हिडिओच्या कामाला ते कार्ड फुकट मिळालं तरी घेऊ नका.

सध्या ऑनलाइन स्वस्तात सगळ्यात जास्त दिसतं ते एएमडीचं आरएक्स ५८० ८ जीबी, कधी न ऐकलेल्या कंपन्यांच्या नावाने. भाच्याला गेमसाठी तेच हवं होतं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (म्हणजे कोअरच) असतात. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी '५८० २०४८एसपी' निघालं, ते म्हणजे आरएक्स ५७०. जाहिरातीत शेवटचे चार आकडे सोयीस्करपणे गळतात. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यांतल्या चिपा उपसून नव्या बोर्डांवर बसवून विकल्या जातात. आमचा रिपेअरिंगवाला असं कार्ड हातात घेऊन एवढंच म्हणाला, "खोको नवीन, माल जुनो."

तपासायचं कसं, तर विंडोजच्या सेटिंगवर विश्वास नको, तिथे ड्रायव्हर म्हणेल तेच दिसतं. जीपीयू-झेड हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर टाका. त्यात सगळ्यात वरचं कार्डाचं नाव सोडा आणि त्याखालची चिप वाचा. माझ्यात जीए१०७ असं येतं, ८ जीबीवाल्यात सहसा जीए१०६. मग शेडरची संख्या, मेमरीचा प्रकार, बसची रुंदी. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो नॅनोमीटरचा आकडा, म्हणजे चिप किती बारीक तंत्राने बनवलीय ते. ४० दिसलं की चिप २०१० च्या आसपासच्या पिढीची, २८ म्हणजे २०१२ नंतरची, १४ किंवा १६ म्हणजे २०१६ ची, माझी ८ ची. तिथे रिलीजची तारीखही असते, पण ती मॉडेलची, चिपच्या जन्माची नव्हे. फसायला तेवढं पुरतं. जुन्या जीटीएस ४५० किंवा ५५० टीआयमध्ये बनावट बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) भरून तिला १०५० टीआय म्हणून विकलं असेल तर २०१८ नंतरची आवृत्ती नावापुढे 'फेक' असंच लिहून दाखवते. आणि दुकानात कार्ड लावून बघता येत नसेल तर मागचं पोर्ट बघा. १०५० टीआयच्या पिढीपासून एनव्हिडियाच्या चिपमध्ये अॅनालॉग आउटपुट नाही. अशा कार्डाला निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर खाली ठेवा आणि चालू लागा.

घाटावरचे लोक एक खूण सांगतात: ब्रॅकेटवर गंज असेल तर कार्ड वापरलेलं. ती आपल्याकडे चालत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे दुकानाच्या फळीवर एक पावसाळा काढलेला सीलबंद मालही खाऱ्या वाऱ्याने गंजतो. त्याऐवजी स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्टीवर ओरखडे आहेत का बघा, आणि पंख्याखाली टॉर्च मारून थर्मल पॅडमधून पाझरलेलं तेल शोधा. तसं तेल फळीवर बसून येत नाही. दुकानदाराच्या बिलावर चिपचं नाव आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत कार्ड पाठवायचं तर ते बहुतेक घाट चढूनच जातं, तेव्हा कागद पक्का हवा.

आता प्रत्यक्ष कामाचं. दशावताराचं दोन-तीन तासांचं रेकॉर्डिंग पूर्वी एक्सपोर्टला लावून झोपायचो, आणि मध्ये लाईट गेली की सकाळी शून्यापासून. आता कार्डातल्या एन्कोडरवर (व्हिडिओची फाईल बनवणाऱ्या खास भागावर) तेच काम रात्रीचं जेवण उरकेपर्यंत होतं. खरेदी करताना हा एन्कोडर आहे की नाही हे विचाराच, कारण नव्या पिढीच्या नावाखालीही तो नसतो: जीटी १०३० मध्ये नाही, २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीमध्येही नाही. गेमिंगवाले याबद्दल बोलतच नाहीत. आवाज जवळपास नाही, उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवूनही कार्ड फारसं तापलं नाही.

ड्रायव्हरचं गणित माझ्या बाजूने आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १०००, ७५० आणि ९०० मालिकेचे नेहमीचे गेम ड्रायव्हर थांबवले, पुढे फक्त सुरक्षेचे. एएमडीनेही २०२३ च्या अखेरीस ५८० च्या पिढीला मुख्य प्रवाहातून बाजूला काढलं. ३०५० अजून प्रवाहात आहे. भाच्याला ५८० नको म्हटलं ते यासाठीच. त्याला राग आला, येऊ दे.

दोन गोष्टी खटकतात. मिररलेस कॅमेऱ्याचं १० बिट ४:२:२ एच.२६५ (रंगाची जास्त माहिती असलेलं) फुटेज या कार्डाला हार्डवेअरवर उलगडता येत नाही. ते एनव्हिडियाने ५० मालिकेत दिलं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हे काम करतं, माझा त्याहून जुना, म्हणून मी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवतो. दुसरी अडचण मेमरीची. देवळापुढच्या मांडवात उजेड बेताचा, फुटेजला दाणे येतात, आणि फोर-केवर नॉइज रिडक्शन लावलं की ६ जीबी भरते आणि सॉफ्टवेअर थांबतं. तिथे ८ जीबीवालं हवं होतं हे खरं. पण त्याला वेगळी पॉवर वायर लागते, म्हणजे एसएमपीएस बदला, आणि या डबड्याचा एसएमपीएस साध्या मापाचा नाही. तेव्हा सध्या प्रवेशागणिक तुकडे पाडून नॉइज रिडक्शन आधी रेंडर करतो आणि मग जोडतो.