१२ पटाश्यांचा सेट घेतला, कामी आल्या ५

भाचीला मे महिन्यात बोलून बसलो की यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे आमच्या विदर्भात लहान मुलं लाकडी नंदी फिरवतात त्या सणाला, विकतचा नाही, मामाच्या हातचा नंदी मिळेल. आयुष्यात शाळेतल्या हस्तकलेपुढे काही केलेलं नाही, तरी ऑनलाइन दोन सेट मागवले. मातीकामाचा ११ नगांचा अडीचशेला आणि लाकूड कोरायच्या १२ पटाश्यांचा ८९९ ला.

मातीचा सेट मस्त आहे, घ्या. त्यातलं तारेचं कडं असलेलं खरवडायचं टूल आणि माती कापायची तार, या दोनच वस्तूंवर माझं ऐंशी टक्के काम झालं, बाकीच्या लाकडी काड्यांचं काम आईस्क्रीमची काडी पण करते. माती मात्र नीट बघून घ्या. मी आधी शाडू आणली, ती साच्यात दाबायला भारी, पण हाताने कान ओढायला गेलो की भेगा. मग महाल भागातल्या चितार ओळीतून, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीतून, साधी चिकणमाती आणली तेव्हा कुठे नंदी नंदीसारखा दिसायला लागला. शिंग नुसतं दाबून चिकटवू नका, पडतेच. दोन्हीकडे सुईने ओरखडे मारायचे, मध्ये पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं.

आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर वाळत ठेवायचा मूर्खपणा करू नका बाप्पा! हवेकडची बाजू आधी वाळून आकसली, दुसरी ओलीच, सकाळी मानेला ही मोठी चीर. दुसरा नंदी ओल्या फडक्यात आणि वरून पॉलिथिनमध्ये ठेवून आठ दिवस हळूहळू वाळवला, तो टिकला.

आता लाकडी नंदीसाठीच्या पटाश्या. फोटोत चकचकीत, हातात घेतल्या तर धारच नाही. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन घेऊन बसलो, लाकूड कापण्याऐवजी चेंगरून राहिलं, मला वाटलं आपल्यालाच जमत नाही. शेवटी मोहल्ल्यातल्या सुतार काकांकडे गेलो, त्यांनी अंगठ्याने पातं चाचपलं आणि म्हणे, ‘भाऊ, याने श्रीखंड वाढ.’ त्यांनी दगडावर घासायला शिकवलं, आधी मागची बाजू सपाट, मग पुढचा उतार एकाच कोनात, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर. एका पटाशीला अर्धा तास गेला. पाच पटाश्यांची धार टिकली, दोन तर पहिल्या दिवशीच वाकल्या.

लाकूड पण त्यांनीच बदलायला लावलं. आपल्याकडे सगळ्यांना सागवानच पाहिजे असते, पण सागवानात वाळूसारखा अंश असतो, धार लवकर खाते, शिकणाऱ्याने शिवण झाडाचं लाकूड घ्यावं म्हणे. खरंच लोण्यासारखं नाही पण ऐकते तरी. आणि मी ठोकळा आडवा धरला होता, लाकडाच्या रेषा नंदीच्या पाठीच्या लांबीने, तर म्हणे पाय मोडतील, रेषा उभ्या ठेव. तशाच ठेवल्या. शिंगं वेगळी कोरून भोकात फेव्हिकॉलने बसवली. डावा हात नेहमी पटाशीच्या मागे, हे मात्र मला तीन टाके पडल्यावर समजलं.

तर मातीच्या सेटला ५ पैकी ४, पटाश्यांना दीड, तो अर्धा पण डब्बा छान आहे म्हणून. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून एक अर्ध्या इंचाची सपाट, एक गोल पटाशी आणि धारेचा दगड घ्या, सुरुवातीला तेवढंच लागते.

नंदी चाकांवर उभा राहिला, थोडा म्हशीसारखा दिसते, भाचीने त्याला झूल घालून फिरवला. उरलेल्या पाच पटाश्या अजून डब्यात पडून आहेत, कोणाला पाहिजे असतील तर फुकट घेऊन जा, धार तुमची तुम्ही लावा.