पोत दाखवणारं हॅप्टिक पेन: कास्टिंगला पास, साडीला नापास

पेनच्या तपासणीची फी वेगळी, जायचं-यायचं कुरिअर माझं, आणि बिघाड सापडला तर वर दुरुस्तीचं बिल. वॉरंटी आहे, पण ती पहिल्या मालकाच्या नावावर, म्हणून "तुम्हाला लागू होत नाही सर". बेंगळूरच्या सर्व्हिसवाल्यानं एवढं ऐकवल्यावर फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं. हे हॅप्टिक पेन, म्हणजे स्क्रीनवरच्या वस्तूचा पोत हाताला जाणवून देणारं यंत्र, दिवाळीआधी सेकंडहँड घेतलंय. टेबलावरचा सांध्यांचा हात, त्याच्या टोकाला पेन, पेनात थरथर देणारी कॉइल. हे ज्यांनी बघितलंय त्यांच्यासाठीच लिहितोय, त्यामुळं स्पेसिफिकेशन उगाळत बसत नाही.

मी बेळगावच्या वडगावात साड्यांसाठी जेकार्डची, म्हणजे मागावरच विणायच्या नक्षीची, डिझाइनं करतो. नवा पोत काढला की कोल्हापूर-सांगलीच्या दुकानदारांना सॅम्पल पाठवायचं, ते परत येत नाही, आलंच तर चहाचा डाग घेऊन येतं. म्हटलं, दुकानदार इथं आला की स्क्रीनवर डिझाइन बघेल, पेन फिरवून पोत बघेल, आणि मागावर ताणा चढवायच्या आधीच हो-नाही कळेल. हिशेब चोख होता.

पहिल्या आठवड्यातच डोकं उठलं ते एकाच गोष्टीनं. हात थांबला तरी पेन थांबत नाही. कापडावर पेन टेकवून गप्प बसा, ते आपलं गुर्र गुर्र करतंच राहतं. शेजारच्या काकी जन्मभर मागावर बसलेल्या. त्यांच्या हातात दिलं तर म्हणाल्या, "हात थांबलाय तरी हे का थरथराय लागलंय? कापड कधी असं करतंय काय?" पुढं दुकानदारांना दाखवतानाही माझं सगळं लक्ष तिथंच. कुणी डिझाइनचं कौतुक करत असला तरी मला ती गुर्रच ऐकू यायची. पेनचं वजन, हाताची पोच, सॉफ्टवेअरचा कळकट चेहरा, या बाकी तक्रारी मी कधीच सोडून दिल्या.

सर्व्हिसवाल्याचं मत पडलं कॉइल गेली. माझा भाचा इथल्याच कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे, त्यानं रविवारी येऊन बघितलं आणि हसला. कॉइल ठणठणीत. विकणाऱ्यानं सोबत दिलेला प्रोग्राम थरथरीची एकच फीत घड्याळावर फिरवत होता, हाताच्या वेगाशी तिचा काही संबंधच नव्हता. खऱ्या पृष्ठभागावर थरथर येते ती घासण्यातून. वेग वाढला, दाब वाढला की ती बदलते, आणि वेग शून्य तर थरथरही शून्य. तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असलेल्या कॅथरिन कुकेनबेकर यांच्या गटानं २०१४ मध्ये १०० पृष्ठभागांची मॉडेलं सगळ्यांसाठी खुली केली, ती नेमकी अशीच केलेली आहेत: पृष्ठभागावरून खरी काडी ओढायची, वेग, दाब आणि कंपन एकदम नोंदवायचं, आणि त्यावरून गणित बसवायचं. भाच्यानं तीच पद्धत आमच्या पेनाला लावली. गुर्र बंद. फी वाचली, भाच्याला कुंदा दिला.

जाता जाता त्यानं आणखी एक काम केलं. पेन मी टॅब्लेट आणि प्रिंटरसोबत एकाच हबवर, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीवर, लावलं होतं. स्क्रीनला सेकंदाला ६० चित्रं पुरतात, पण या पेनाला सेकंदाला साधारण १००० वेळा जोर मोजून द्यावा लागतो. त्यात खंड पडला की कडक पृष्ठभाग पेनाला लाथा मारायला लागतो. वेगळ्या पोर्टावर लावल्यावर स्क्रीनवरची फरशी फरशीसारखी लागायला लागली.

म्हणजे पाच तारे? तिथंच अडतंय. आता जे लागतं ते काडीनं चाचपलेलं कापड. बोटाला कळणारं कापड निराळं. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की बोट फिरवलं तर १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही ओळखता येतात. ते कातडीचं काम आहे. इथं कातडी आणि कापडाच्या मध्ये पेन. रेशमाचा गारवा नाही, चिमटीत धरल्यावरची पड नाही, सुळसुळ नाही. जाडेभरडे पोत बरे लागतात, पण आमचा माल जाडाभरडा नाही. दुकानदार पेन फिरवतो, "भारी आहे की हो" म्हणतो, आणि जाताना सॅम्पल मागतोच. कुरिअरचा खर्च जसाच्या तसा.

पेन विकायलाच काढलं होतं. तेवढ्यात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री असलेला एक मित्र आला. त्याला वाळूत ओतलेल्या बिडाचा पोत लावून दिला, डोळे झाकून फिरवायला सांगितलं. क्षणभर थांबून म्हणाला, "वाळू भरड आहे रे, आमच्यात हे फिनिश चालत नाही." मग मशिनिंग केलेल्या तुकड्याचा पोत दिला, तोही बरोबर ओळखला. हे जमतं, कारण कास्टिंगवर तो एरवीही स्क्राइबर (धातूवर रेघ मारायची टोकदार सळई) नाहीतर नख ओढूनच बघतो. खऱ्या कामातही मध्ये काडी आहेच. आता त्याला नव्या पोरांना खडबडीतपणा शिकवायला हे हवंय. भाडं ठरतंय, मी जरा जास्त सांगितलंय, तो वीजबिलाएवढं देतो म्हणतोय.

दोन सूचना, घेणाऱ्यांसाठी. अडॅप्टर ओरिजिनल आहे का बघा, माझा नव्हता, तो उन्हाळ्यात तापायचा. आणि बिल विकणाऱ्याच्या नावावर असेल तर वॉरंटीचे पैसे धरूच नका, किंमत तेवढी पाडून मागा.