ओव्हरफ्लोचा थेंब: वायसर बदलावा, बॉल कॉक बदलावा, की भलतीकडेच शोधावं?

लॉफ्टवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारा पाइप, डक्टमध्ये ठिबकू लागला की खालच्या मजल्यावरून तक्रार येते आणि प्लंबर नवा बॉल कॉक (टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने पाणी बंद करणारा नळ) बसवून जातो. काही घरांत तेवढ्यावर भागतं. काही घरांत आठवड्याभरात पुन्हा तोच थेंब, कारण दोष बॉल कॉकमध्ये नव्हताच. तेव्हा काय बदलायचं हे ठरवण्याआधी पाणी कुठून येतंय ते बघा. त्यासाठी हत्यारं लागत नाहीत, स्टूल आणि टॉर्च पुरतो.

आधी पाइप कोणाचा ते ओळखा. डक्टमध्ये एसीचा, गिझरचा आणि टाकीचा असे पाइप जवळजवळ बाहेर आलेले असतात. एसीचा थेंब एसी बंद केल्यावर थोड्या वेळात थांबतो, तो विषय तिथेच संपला. गिझरच्या पाइपाकडे मात्र नीट लक्ष द्या. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं की ते साधारण २०० मिलिलिटरने फुगतं. इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर या जादा पाण्याला मागे जायला वाट नसते, मग ते सेफ्टी व्हॉल्वमधून बाहेर पडतं. म्हणजे पाणी तापतानाच थेंब पडत असेल आणि नंतर थांबत असेल तर गिझर ठीक आहे. गिझर बंद असतानाही ठिबकत असेल तर व्हॉल्व खराब झालाय किंवा लाइनला दाब फार आहे. दोन्ही वेळा त्या पाइपाला बूच मात्र मारू नका. दाब बाहेर पडायची ती वाट आहे, ती बंद केली तर गिझरची टाकी फुटू शकते.

पाइप टाकीचाच निघाला तर झाकण उघडा, पण पाणी येण्याच्या वेळेत. सोसायटीने पाणी बंद ठेवलेलं असताना लाइनला दाबच नसतो आणि खराब बॉल कॉकही चांगला वाटतो. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत पोचलेलीच नसेल, तर पाणी टाकीच्या नटाजवळून किंवा एखाद्या जोडातून झिरपतंय. पातळी भोकाला टेकली असेल तर गोळा हाताने वर उचलून धरा.

धार थांबली? मग वायसर, म्हणजे बॉल कॉकच्या आतली पाणी अडवणारी रबरी चकती, ठीक आहे. गोळा काढून कानाशी हलवा. आत पाणी डुचमळलं तर तो फुटलाय, फक्त गोळा बदला. कोरडा असेल तर दांडा वर राहिलाय. पितळी दांडा हलक्या हाताने खाली वाकवून पातळी भोकाच्या दोनतीन सेंटिमीटर खाली आणा. खर्च शून्य.

गोळा वर धरूनही धार चालूच राहिली, तर खरा प्रश्न येतो: वायसर की अख्खा बॉल कॉक?

वायसर अगदी स्वस्त मिळतो, प्लंबरची मजुरी त्याच्या कितीतरी पट. म्हणूनच पुष्कळ जण ‘आलाच आहे तर नवीन बसव’ म्हणतात. मला ते नेहमी पटत नाही. पिन काढून पिस्टन बाहेर घ्या आणि वायसर ज्या कडेवर टेकतो त्या सीटवरून बोट फिरवा. कड गुळगुळीत असेल तर नवा वायसर पुरेल. जवळपास पाइपलाइनचं काम झाल्यावर गढूळ पाणी येतं, तेव्हा तर बारीक खडा अडकलेला असतो आणि नुसतं धुऊन काम होतं. कडेला खाच पडली असेल किंवा बोअरिंगच्या, टँकरच्या पाण्याचा पांढरा थर घट्ट बसला असेल, तर नवा वायसरही फार टिकणार नाही. तिथे पूर्ण बॉल कॉकच घ्या.

घेताना पितळी की प्लास्टिक? प्लास्टिकला क्षार कमी चिकटतात आणि तो स्वस्त पडतो, पण दांड्याचा जोड ढिला होतो आणि सुटा वायसर मिळेलच असं नाही. पितळी महाग, पण त्याचा प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो. माझा कौल पितळीला, आयएस १७०३ या भारतीय मानकाची खूण बघून. चाळीत पाणी थोडा वेळ आणि कमी दाबाने येत असेल, तर प्लास्टिकचा चालून जातो. तिथे धातूपेक्षा बॉल कॉकमधलं पाणी येण्याचं भोक मोठं असण्याला महत्त्व, टाकी वेळेत भरायला हवी.

हेच मोठं भोक टॉवरमध्ये नडतं. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली साधारण १ बार दाब वाढतो. भोकाचा व्यास दुप्पट झाला की तेच पाणी अडवायला चौपट जोर लागतो, आणि तो जोर गोळ्यानेच द्यायचा असतो. पुनर्विकासानंतर जुनी टाकी तिच्या बॉल कॉकसकट नव्या घरात नेली, की इथेच गाडी अडते. रात्री कोणी पाणी वापरत नाही, दाब चढतो आणि थेंब सुरू होतो. फक्त रात्रीच ठिबकत असेल, तर बारीक भोकाचा, मोठ्या गोळ्याचा बॉल कॉक मागा.

आता सगळ्यात कमी तपासलं जाणारं कारण. टाकीच्या इनलेटचा कॉक पूर्ण बंद करा. गोळ्याजवळची धार थांबली, तरी पातळी चढतच राहिली, तर पाणी खालून, आउटलेटमधून टाकीत येतंय. मुंबईतल्या पुष्कळ फ्लॅटमध्ये दोन लाइन असतात: स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याची थेट, बाकी घराला टाकीची. दोन्ही जोडणारा एक कॉक असतो. तो आतून गळू लागला की थेट लाइनचं जास्त दाबाचं पाणी टाकीत चढतं. गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ उघडा ठेवून हँड शॉवर नुसता बटणावर बंद केला, तरी गरम-गार लाइन एकमेकींना मिळून हेच होऊ शकतं. आधी सगळे मिक्सर बंद करून बघा, मग जोडकॉक घट्ट करून.

या प्रकाराकडे दुर्लक्ष करू नका, थेंब बारीक असला तरी. थेट लाइन रिकामी असते त्या वेळेत उलटं होतं, टाकीतलं साठलेलं पाणी पिण्याच्या लाइनीत उतरतं. आउटलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवायचा सल्ला मिळेल, पण लॉफ्टच्या टाकीचा दाब मुळात कमी, त्याने नळाची धार आणखी बारीक होते. मी तो गळका कॉकच बदलून घेईन.

किती घाई करायची, हे बाटलीने ठरवा. ओव्हरफ्लोखाली लिटरची बाटली धरा. १० मिनिटांत भरली तर दिवसाला १४४ लिटर पाणी जातंय, १५ लिटरच्या साडेनऊ बादल्या. त्याच दिवशी प्लंबर बोलवा. तासाभरात अर्धा पेला जमला तर रविवारपर्यंत थांबता येईल. तोवर तक्रारीच्या भीतीने पाइपात फडकं कोंबू नका, नाहीतर एखाद्या रात्री टाकी काठावरून लॉफ्टमध्ये ओसंडेल. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी मात्र बांधाच. मलेरियाचा ॲनोफिलिस स्टीफन्सी डास अशाच टाक्यांमध्ये अंडी घालतो.