ओरखडे काढायचेत: रोटरी घ्यायची की डीए?

दुपारी बाराच्या उन्हात काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटकडे बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल-गोल बारीक रेषा दिसतील. मुंबईत या रेषा बहुतेक वेळा गाडी पुसताना पडतात. इमारतींच्या आणि मेट्रोच्या कामांची धूळ रात्रभर गाडीवर बसते आणि सकाळी तिच्यावरून फडकं फिरतं. त्यात गाडी पुसणाऱ्याचा काय दोष? सोसायटी त्याला एक बादली पाणी देते आणि तेवढ्यात त्याला आठ-दहा गाड्या उरकायच्या असतात.

अशा रेषा पॉलिशिंग मशीनने निघतात. ही मशीनं दोन प्रकारची: रोटरी आणि डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. मशीन कोणतं, हे ठरवण्याआधी नेमकं काय घडतं ते समजून घ्या. ओरखडा म्हणजे रंगातली बारीक खाच. ती भरली जात नाही. तिच्या आजूबाजूचा चांगला थर खाचेच्या तळापर्यंत झिजवला जातो, म्हणून ती दिसेनाशी होते. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी बहुतेक गाड्यांवर 100 ते 150 मायक्रॉन असते आणि त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा. डोक्याचा केसही सहसा या क्लिअर कोटहून जाड असतो. एवढ्याच थरातून गाडीच्या उरलेल्या आयुष्यातली सगळी पॉलिश व्हायची आहेत. म्हणून माझ्यासाठी पहिला प्रश्न असा असतो: हात चुकला तर कोणतं मशीन कमी खाईल?

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा मशीनने पूर्ण काढण्याच्या फंदात पडू नका. टचअपचा रंग भरा, किंवा कडा थोड्या मऊ करून सोडून द्या.

आता रोटरी. नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानांत ग्राइंडरसारखं दिसणारं पॉलिशर मिळतं, ते हेच. पॅड एकाच अक्षाभोवती सरळ फिरतं. सहा इंची पॅड मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे 43 किलोमीटर भरतो आणि मध्यभागी जवळपास शून्य. म्हणजे पॅड जरा तिरकं टेकलं की सगळी झीज आणि सगळी उष्णता एका कडेवर. लोखंडी पत्रा ती उष्णता थोडी तरी पसरवतो. प्लॅस्टिकचा बंपर तिथल्या तिथे धरून ठेवतो, म्हणून बंपरवरचा रंग आधी जळतो.

मी रोटरी पहिल्यांदा चालवली ती कुर्ल्याच्या भंगारातून आणलेल्या बॉनेटवर. दुसऱ्याच पट्ट्यात बॉनेटच्या उंचवट्यावर राखाडी प्रायमर उघडा पडला. अशा कडांवर रंग मुळातच पातळ बसतो. ते बॉनेट भंगाराचं होतं म्हणून निभावलं.

तरीही रोटरीला नावं ठेवणं मला पटत नाही. टचअपचा रंग 2000 नंबरच्या बारीक सँडपेपरने घासून सपाट केला की त्या घासणीच्या खुणा ती झपाट्याने काढते. डेंटिंग-पेंटिंगवाले ती सोडत नाहीत, ते याचसाठी. लोकरीचं पॅड लावून सवयीचा पेंटर दहा मिनिटांत जे करतो, त्याला डीएला बराच जास्त वेळ लागतो. पण तिच्यामागे हॉलोग्राम राहतात: उन्हात हलणारे, पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे. ते घालवायला शेवटी मऊ फोम आणि बारीक पॉलिशचा हात द्यावाच लागतो, आणि घाईच्या गॅरेजमध्ये नेमका तोच गाळला जातो.

डीएमध्ये पॅड स्वतःभोवती फिरता फिरता लहान वर्तुळात डोलतंही. डोलण्याचं हे माप बहुतेक 8, 15 किंवा 21 मिलिमीटर असतं. एकाच जागी एकाच दिशेने घासणं होत नाही, उष्णता कमी साठते, हॉलोग्राम जवळजवळ पडत नाहीत. फार दाबलं किंवा वळणदार भागावर टेकवलं की पॅडचं फिरणं थांबतं आणि नुसती थरथर उरते. नवख्याला हा दोष वाटतो, मला ही त्याची सर्वांत मोठी सोय वाटते. पॅडमागच्या प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारा. ती फिरताना दिसली नाही तर दाब कमी करा. खोल रेषांवर मात्र धीर हवा आणि तासाभराने हाताला मुंग्या येतात.

घरच्या एक-दोन गाड्या आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा काम, असं असेल तर डीएच घ्या. मोठ्या सपाट गाडीला 15 मिलिमीटर ठीक. हॅचबॅकच्या वळणांवर 8 सोपं जातं. हातात आधी भंगाराचं बॉनेट घ्यायची तयारी असेल आणि टचअपही स्वतः करायचं असेल, तरच रोटरी. हाताने कंपाउंड, म्हणजे जास्त खरवडणारं पॉलिश, चोळणं दाराच्या हँडलमागच्या नखांच्या खुणांपुरतं पुरे, पूर्ण गाडीला नाही.

बाहेर काम द्यायचं असेल तर एक गोष्ट तपासा. ओळखीच्या एकांनी गणपतीआधी रबिंग-पॉलिश करून गाडी आणली, आरशासारखी. चार वेळा धुतल्यावर सगळ्या रेषा परत. थर झिजवलाच नव्हता, तेलकट पॉलिशने खाचा तात्पुरत्या बुजवल्या होत्या. याचं मला फार वाईट वाटलं, कारण पैसे पूर्ण कामाचे घेतले होते. गाडी ताब्यात घेताना एक पॅनल पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, म्हणजे तेलकटपणा निघेल, आणि टॉर्च मारून बघा. रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का, तेही विचारा. ते एकूण जाडी दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. पण एखाद्या पॅनलवर 200 मायक्रॉनच्या वर आकडा आला तर तिथे बहुधा पुन्हा रंगकाम झालेलं असतं, आणि बाकीच्या गाडीपेक्षा बराच कमी आला तर तिथे हात आवरायचा.

स्वतः करणार असाल तर सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, सावलीत, पत्रा गार असताना करा. प्लगची परवानगी सेक्रेटरींकडून आधीच काढा. गाडी धुवून क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा, रबर आणि कडा मास्किंग टेपने झाका. सुरुवात मध्यम फोम आणि बारीक पॉलिशने, डिकीच्या झाकणावर, दोन वीत चौकोनात. चार थेंब पॉलिश, मशीन सेकंदाला इंचभर पुढे, चार-पाच फेऱ्या, मग पुसून टॉर्च. रेषा गेल्या असतील तर कंपाउंडचा डबा उघडूच नका. पॅडवर गाडीचा रंग उतरू लागला तर थांबा: त्या पॅनलवर क्लिअर कोट नाही किंवा संपलाय.