मॉकमध्ये साडेसात, परीक्षेत साडेपाच

नर्सिंग करून परदेशी जायच्या तयारीत असलेल्या आपल्या खान्देशातल्या मुलींसाठी हे लिहितेय. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, जिथे कुठे 'आयईएलटीएस ७+ गॅरंटी, नाहीतर पैसे परत' अशी पाटी दिसेल, तिथे फी भरण्याआधी एवढं वाचा. आयईएलटीएस म्हणजे परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, आणि तिचे गुण म्हणजे 'बँड'. क्लासचं नाव मुद्दाम टाळलंय. नाव घेतलं की बाकीच्या क्लासवाल्यांना वाटतं आपण सुटलो, आणि वाचणाऱ्यालाही वाटतं की तो एक सोडला की झालं.

मी अमळनेर तालुक्यातली. बी.एस्सी. नर्सिंग झालं, जळगावात एका खासगी दवाखान्यात ड्यूटी. मला इंग्लंडला जायचंय. तिथे नर्स म्हणून नोंदणी करायची तर एनएमसी ही त्यांची नर्सिंग परिषद इंग्रजीचा पुरावा मागते. आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये ऐकणं, वाचणं आणि बोलणं प्रत्येकी ७, लिहिण्यात किमान ६.५ आणि एकूण ७. म्हणजे सरासरी चांगली येऊन भागत नाही, चारही वेगवेगळे पार व्हावे लागतात. हे मी पहिल्याच दिवशी क्लासमधल्या काउन्सेलर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, आपल्याकडे सातच्या खाली कोणाला येतच नाही."

फी ४५ हजार. त्यातले ३० हजार रोख मागितले, उरलेले ऑनलाइन. आप्पांनी कापसाच्या पट्टीतून दिले. पावती मिळाली ती फक्त १५ हजारांची. रोखीची मागितली तर म्हणे, "ती आत रजिस्टरला लिहिलीय." पावतीच्या मागे बारीक अक्षरात गॅरंटीच्या अटी होत्या. हजेरी ९० टक्के हवी, सगळ्या मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिलेल्या हव्यात, आणि बँड नाही आला तर तीच बॅच पुन्हा फुकट. 'पैसे परत' हे शब्द पाटीवर होते, पावतीवर नव्हते. आणि आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या नर्सची ९० टक्के हजेरी भरत नाही, हे क्लासवाल्यांना आपल्यापेक्षा आधी ठाऊक असतं.

शिकवणं सुरू झालं ते पत्रलेखनाने. घरमालकाला पत्र, मॅनेजरला पत्र, मित्राला आमंत्रण. ही परीक्षा दोन प्रकारची असते, अकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग. ऐकणं-बोलणं दोन्हीत सारखंच, वाचन आणि लेखन वेगळं. पत्र येतं जनरलमध्ये, आणि कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, जाणाऱ्यांना जनरल लागते. अकॅडेमिकमध्ये त्या जागी आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेचं चित्र देतात आणि त्यावर किमान १५० शब्द लिहायचे असतात. आमच्या बॅचला पीआरवाले, डिग्रीला जाणारी मुलं आणि आम्ही नर्सेस अशी सगळ्यांची खिचडी होती आणि शिकवणी एकच. आलेख शेवटी शेवटी दोन तासांत उरकले. आमच्यातल्या एकीची तर नोंदणीच जनरलची करून ठेवली होती. तिने स्वतः पाहिलं म्हणून वाचली, नाहीतर एनएमसीला जनरल चालत नाही.

निबंधासाठी एक ठरलेली सुरुवात पाठ करून घेतली. 'इन धिस कंटेम्पररी एरा'ने सुरू व्हायचं, मधे विषय टाकायचा, 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स'वर यायचं. झाडावर निबंध असो की तुरुंगावर, सुरुवात तीच. तपासनीस पाठ केलेलं ओळखतो आणि ते तुमच्या गुणांत धरत नाही, हे मला फार नंतर कळलं. शिवाय ८ हजार जादा भरून 'ब्रिटिश अ‍ॅक्सेंट'चा वेगळा कोर्स. तो मी केला नाही. बोलण्याच्या परीक्षेत चार गोष्टी पाहतात: ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार. उच्चारात पाहतात ते समोरच्याला नीट कळतंय का एवढंच. अहिराणी वळणाचं इंग्रजी चालतं. लंडनची नक्कल करून कोणाचा बँड वाढत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते, मॉक टेस्ट. खरी लबाडी इथे आहे.

दर पंधरा दिवसांनी मॉक व्हायची आणि माझे बँड चढत जायचे. सहा, साडेसहा, सात, साडेसात. घरी फोन केला की आप्पा खूश. ऐकण्याच्या मॉकमध्ये ऑडिओ एकदा संपला की मागून कोणीतरी ओरडायचं, "सर, परत लावा ना," आणि सर लावायचे. खऱ्या परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. उत्तरं उतरवायला आम्हाला दहा मिनिटं द्यायचे. ती सोय कागदावरच्या परीक्षेची. आमची नोंदणी होती संगणकावरच्या परीक्षेची, जिथे शेवटी फक्त दोन मिनिटं मिळतात, तपासून पाहायला. निबंध आम्ही पेनने लिहायचो, तिथे मात्र टाइप करायचा असतो आणि स्पेलिंगची चूक लाल होऊन दिसत नाही.

तरीही ऐकणं आणि वाचणं यात तुम्हाला फार फसवता येत नाही. दोन्हीत प्रत्येकी ४० प्रश्न, उत्तरं ठरलेली. साधारण ३० बरोबर आले तर ७, २३ आले तर ६, आणि हा हिशेब कोणीही घरी बसून करू शकतं. लिहिण्याचं तसं नाही. तिथे आपला निबंध कितीचा आहे हे आपलं आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून सगळी हवा तिथेच भरली जाते.

मला ते कळलं ते असं. नाइट करून थेट मॉकला गेले होते. घाईत वहीतलं पान चुकलं. प्रश्न होता शहरातल्या वाहतुकीचा आणि मी सरांच्या टेबलावर ठेवला तो आदल्या आठवड्यातला, मुलांच्या मोबाइल वापरावरचा निबंध. दोन दिवसांनी वही परत आली. त्यावर लाल शाईत '७.५, गुड फ्लो'. वाहतुकीचा एक शब्द नाही आणि साडेसात! लेखनात पहिलाच निकष असतो, विचारलंय त्याचं उत्तर दिलंय का. मी मैत्रिणींच्या वह्या मागितल्या. सगळीकडे 'गुड फ्लो', 'इम्प्रूव्ह व्होकॅब', आणि आकडा मागच्या वेळेपेक्षा अर्ध्याने जास्त. कोणाच्याही पानावर एका वाक्याखाली रेघ नव्हती. पेशंटला हात न लावता चार्टवर बीपी १२०/८० लिहून मोकळं व्हायचं, तसला प्रकार. आमच्याकडे असं केलं तर नोकरी जाते.

सरांना विचारलं. म्हणाले, "आम्ही ओव्हरऑल इम्प्रेशन बघतो मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका." तोवर परीक्षा बुक झाली होती. परीक्षेचीच फी १७-१८ हजारांच्या घरात, ती काही सोडवत नव्हती.

बुकिंगही क्लासनेच केलं होतं. 'फॉर्म चुकला तर पैसे बुडतात, आम्हीच भरतो' म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट घेतले आणि परीक्षेच्या साइटवरची खाती उघडली ती क्लासच्या ईमेलवर. त्या वेळी ते सोयीचं वाटतं. नंतर लक्षात येतं की निकाल तुमचा, पण किल्ली त्यांच्याकडे.

रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन परीक्षा दिली. संगणकावरच्या परीक्षेचा निकाल काही दिवसांतच लागतो. मला क्लासमधून फोन आला, "अभिनंदन, साडेसहा!" वेगवेगळे बँड विचारले तर, "येऊन भेटा." गेले तर आधी 'अ‍ॅडव्हान्स बॅच'चे २० हजार भरा, मग पुढचं बोलू. पासवर्ड देईनात. यात नुसता त्रास नाही, मुदती निघून जातात. निकाल पटला नाही तर फेरतपासणीचा अर्ज परीक्षेपासून सहा आठवड्यांत करावा लागतो. एकाच विभागाची परीक्षा पुन्हा द्यायची सोयही आहे, फक्त संगणकावर दिलेल्यांना आणि ६० दिवसांच्या आत. (ती तुमच्या संस्थेला चालते का, हे आधी तिलाच विचारा.) आपलं खातं आपल्या हातात नसेल तर या दोन्ही गोष्टी क्लासच्या मर्जीवर.

शेवटी दवाखान्यातला एक वॉर्डबॉय दादा सोबत आला, तेव्हा कुठे पासवर्ड मिळाला. ऐकणं ७, वाचणं ६.५, लिहिणं ५.५, बोलणं ६.५. बेरीज साडेपंचवीस, भागिले चार केलं की ६.३७५, ते जवळच्या अर्ध्यावर जाऊन साडेसहा. मॉकमध्ये साडेसात असलेलं लेखन साडेपाच! एनएमसीच्या दृष्टीने चारपैकी तीन विभागांत नापास. आणि स्टँडजवळच्या चौकात क्लासचा फ्लेक्स लागला, त्यावर माझा फोटो, खाली 'ओव्हरऑल ६.५, हार्दिक अभिनंदन'. गावातली माणसं आप्पांना पेढे मागायला लागली. फोटो वापरायला मला कोणी विचारलं नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "पैसा ग्या ते ग्या, तू कसाले रडस?" आप्पा मात्र काही बोलले नाहीत, त्या वर्षी कापसाला भावही नव्हता.

यानंतर आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून मेसेज. माझं नाव, माझे चारही बँड त्याला पाठ. 'परीक्षा न देता ७.५, ओरिजिनल, ऑनलाइन व्हेरिफाय होतं, निम्मे आधी निम्मे नंतर.' माझे बँड मला आणि क्लासला सोडून कोणाला माहीत होते, याचा विचार तुम्हीच करा. मी ब्लॉक केलं. धुळ्याच्या एका बॅचमेटने ७० हजार पाठवले आणि पुढचा मेसेज आलाच नाही. तिला आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्यात तास महत्त्वाचे असतात, कारण पैसा पुढच्या खात्यात जायच्या आत बँकेने अडवला तरच काही उरतं. तिचे काही पैसे गोठले, बाकीचे गेले.

असला मेसेज आला तर एवढं ध्यानात ठेवा. भारतात ही परीक्षा २०२१ पासून आयडीपी ही कंपनी घेते. परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच फोटो काढतात, बोटाचा ठसा घेतात, आणि निकालपत्रावर तोच फोटो येतो. ज्या संस्थेला गुण द्यायचे ती निकालपत्राचा नंबर टाकून थेट पडताळते. मधल्या माणसाला विकायला तिथे काहीच नसतं. विकतो ते रंगीत प्रिंट, आणि ते सापडलं तर नर्सची नोंदणी कायमची धोक्यात.

माझ्या पैशांचं पुढे असं झालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार टाकली. त्या वेळी समजलं की कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात. यशाची खोटी हमी देता येत नाही, आणि विद्यार्थ्याचा फोटो लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही, तीही निवड झाल्यानंतर घेतलेली हवी. हे कळवल्याबरोबर फ्लेक्स रातोरात उतरला. मग क्लासमधून निरोप, १० हजार घ्या आणि 'काही तक्रार नाही' या कागदावर सही करा. सही केली नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही, पण घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं.

अडचण आहे ती त्या ३० हजार रोखीची, तिचा कागदच नाही. म्हणून फी भरायची तर ऑनलाइनच भरा, भले क्लासवाला तोंड वाकडं करो. नोंदणी स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर करा. फॉर्म अवघड नाही, पासपोर्ट समोर धरून भरता येतो. आणि लिहिलेलं तपासून घ्यायला क्लासबाहेरचा माणूस शोधा. मी माझे तेच निबंध कॉलेजच्या इंग्रजीच्या मॅडमना दाखवले. त्यांनी पहिल्याच परिच्छेदात इतक्या रेघा मारल्या की मूळ अक्षर दिसेना. बँड किती ते त्यांनी सांगितलं नाही, पण कुठे काय बिघडतंय ते दाखवलं, आणि मला तेवढंच हवं होतं. ओईटी नावाची दुसरी परीक्षाही एनएमसीला चालते. ती आरोग्यसेवेतल्यांसाठीच आहे, त्यात लिहायचं असतं ते पेशंटबद्दलचं पत्र. फी आयईएलटीएसपेक्षा जास्त आहे, पण डिस्चार्ज आणि रेफरल आपण रोज हाताळतो. क्लासमध्ये तिचा कधी उच्चारही झाला नाही, कारण ती त्यांना शिकवता येत नाही. मी आता तिचीच तयारी करतेय.

माझ्या बॅचमधल्या कोणाच्या हाती हे पडलं तर एक विनंती. मॉकच्या तपासलेल्या वह्या रद्दीत घालू नका. त्यावरच्या आकड्यांचे आणि सोबत खऱ्या निकालपत्राचे फोटो काढून ठेवा, क्लासशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. आयोगासमोर माझी एकटीची वही गेली तर ते म्हणतील चुकून झालं. सात-आठ जणींच्या गेल्या तर तसं म्हणता येणार नाही.